सात नंबरची हाफ पॅन्ट

"बाई, फाटली."

रेश्मा दोन्ही मुठींत सलवार धरून गुडघा झाकत माझ्यासमोर उभी होती. शिवण उसवली असती तर पिन लावून भागलं असतं. हे कापडच गुडघ्यापासून वर वीतभर टरकलं होतं. आतला गुडघा सोलवटलेला, त्यावर तांबडी माती आणि मैदान आखायची फक्की. चारशे मीटरच्या शेवटच्या वळणावर ही पोरगी सगळ्यांत पुढं होती. मागची दहा पावलं मागं. तेवढ्यात सलवारीचा घोळ टाचेखाली आला आणि ती तोंडावर आपटली. उठून पुन्हा पळाली, पण तोवर तिघी पुढं निघून गेल्या होत्या.

"फार लागलं का गं?"

"लागू दे वो. तीन वाजता पंधराशे हाय. त्याचं काय करायचं?"

तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. पहिले दोघे जिल्ह्याला जाणार. चारशे मीटर तर हातचे गेले, राहिले पंधराशे. आणि पंधराशे हीच रेश्माची खरी शर्यत. आमच्या खेळाच्या खोत सरांनी तिची वेळ घड्याळावर तीन वेळा घेतली होती आणि तिन्ही वेळा घड्याळ बिघडलंय का म्हणून कानाला लावून बघितलं होतं.

मला स्वतःला धावण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी बोरखिंडच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. मुलींबरोबर एक बाईमाणूस पाठवावं लागतं म्हणून मला पाठवलेलं. त्या वेळी मी शिक्षणसेवक होते, तिसरं वर्ष. म्हणजे तीन वर्षं मान खाली घालून काढायची, मग संस्थेनं प्रस्ताव पाठवला तर नोकरी कायम. मुलाखतीत मला पायथागोरसबद्दल एक प्रश्न विचारला होता आणि साडीबद्दल तीन. रोज साडीच नेसणार ना? एसटीनं येणार, तरी साडीच ना? लग्नानंतरही? मी तिन्ही वेळा होय म्हणाले होते. माझ्याबरोबर लागलेला विज्ञानाचा मुलगा टी-शर्ट घालून वर्गावर जायचा, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

मुलींचा नियम शाळेच्या डायरीत छापलेला होता. आठवीपासून सलवार-कमीज, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून, दोन वेण्या वर बांधलेल्या, टिकली काळी, बांगडी एकच. असं दीड पान. मुलांसाठी दोन ओळी होत्या. केस बारीक, शर्ट खोचलेला. खेळाच्या दिवशी मुलींनी ओढणी काढायची सवलत होती, एवढंच. त्या वर्षी संस्थेनं मैदानी खेळांसाठी निळ्या जर्सी आणि हाफ पॅन्टचे बारा सेट शिवून घेतले. बाराच्या बारा मुलांचे. मी खोत सरांना विचारलं होतं, मुलींचं काय? ते म्हणाले, "मुलींना गणवेश आहेच की." मला वाटलं चेष्टा करतायत. ते गंभीर होते.

तर आता ही फाटकी सलवार. आमच्या शाळेच्या दोनच मुली आल्या होत्या. दुसरी थाळीफेक करून मामाबरोबर कधीच घरी गेली होती. खोत सर रिलेची पोरं घेऊन पंचांशी भांडत होते. मी आजूबाजूला बघितलं. तालुक्याच्या शाळेतल्या मुली गुडघ्यापर्यंतच्या पॅन्ट घालून सावलीत बसल्या होत्या. त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं.

झाडाखाली नवनाथ पिसे भेळ खात होता. दहावीतला. सकाळी मुलांचे पंधराशे जिंकून तो मोकळा झाला होता आणि आपली शाळेची लांब पॅन्ट घालून आरामात बसला होता. सेट पिशवीत. मी त्याच्याकडं गेले.

"नवनाथ, तुझा सेट दे."

"कशाला बाई?"

"रेश्माला पळायचंय."

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "बाई, घामानं वास मारतोय त्यो."

"वास घेऊन पळायचं नाहीये तिला. दे."

त्यानं दिला. मैदानाशेजारच्या शाळेची एक खोली उघडी होती. रेश्मा आत गेली, मी दाराला पाठ लावून बाहेर उभी राहिले. बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना.

"अगं, काय झालं?"

"बाई, नगं. सर वरडतील. संस्थेचं आबासाहेब तर लईच."

"कोण ओरडतं ते मी बघते. मी आहे ना?"

"तुम्ही सांगशीला का त्यास्नी, तुम्हीच घालाय सांगितलीया म्हणून?"

"सांगेन. तू फक्त पळ."

मग ती बाहेर आली. पॅन्ट कमरेत ढगळ होती. मी माझ्या साडीची खांद्यावरची पिन काढून तिच्या कमरेला लावली आणि उरलेला सगळा दिवस पदर सावरत बसले. पॅन्ट गुडघ्याला टेकत होती. जर्सीच्या छातीवर सात, पॅन्टच्या डाव्या पायावर सात. चार पावलं ती खाली बघत चालली. पाचव्या पावलाला तिनं उडी मारून बघितली, गुडघा वर उचलून बघितला, आणि वळून माझ्याकडं बघून हसली. ते हसू मला फार आवडलं. तिचं असं हसू मी वर्गात कधी बघितलं नव्हतं.

शर्यतीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दोनशे मीटरचं मैदान, साडेसात फेऱ्या. चौथ्या फेरीपासून ती एकटीच पळत होती, बाकीच्या आपसांत. खोत सर रिले सोडून धावत आले. त्यांनी पॅन्ट बघितली, तोंड उघडलं, मग हातातल्या घड्याळाकडं बघितलं आणि तोंड मिटलं. शेवटच्या फेरीला तेच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. शर्यत संपल्यावर घड्याळ माझ्यापुढं धरून म्हणाले, "बाई, ही पोरगी जिल्ह्यात थांबत नाही. विभागाला जाते." पॅन्टबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. वृत्तपत्राचा एक माणूस सकाळपासून विजेत्यांचे फोटो काढत फिरत होता. त्यानं रेश्माचाही काढला.

सोमवारी सकाळी प्रार्थनेला मुख्याध्यापक जगदाळे सरांनी नवनाथचं नाव पुकारलं. त्याला गुलाबाचं फूल, टाळ्या. "आपल्या शाळेचा जिल्हास्तरावर जाणारा खेळाडू." मी वाट बघत होते. मग सरांनी सुविचार सांगितला, वह्यांना कव्हर घालण्याबद्दल सूचना दिली आणि मुलं वर्गात गेली. रेश्मा नववीच्या रांगेत होती. नवनाथसाठी तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिल्या तासाला शिपाई मला बोलवायला आला.

जगदाळे सरांच्या टेबलावर वर्तमानपत्र उघडं होतं. जिल्ह्याच्या पानावर आठ-दहा फोटो आणि त्यात शेजारी शेजारी दोन आमचे. नवनाथ आणि रेश्मा. दोघांच्या छातीवर सात, दोघांच्या मांडीवर सात. छापणाऱ्यानं मुद्दाम शेजारी लावले असतील असं नाही. एकच शाळा, म्हणून लावले असतील.

"बसा लोंढे बाई," सर म्हणाले. "आबासाहेब साडेअकराला येतायत. सकाळपासून त्यांना फोन चाललेत. मी तुम्हाला आधीच बोलावलं, कारण तुम्ही मुलीसारख्या आहात. पुढच्या महिन्यात तुमचा कायम करण्याचा प्रस्ताव जायचाय. सही त्यांची लागते. विचार करून बोला, एवढंच."

"सर, तिची सलवार फाटली होती. गुडघ्याच्या वर. ती तशी पळाली असती तर चाललं असतं का?"

"पळायलाच नको होतं मग."

"आणि नवनाथची फाटली असती तर?"

"मुलाची गोष्ट वेगळी." ते हे अगदी शांतपणे म्हणाले. दोन अधिक दोन चार, तसं. माझी कानशिलं तापली. गणितात मी विद्यार्थ्याला प्रत्येक पायरीला कारण लिहायला लावते. इथं कारणाची जागा मोकळी होती आणि उत्तर मात्र बरोबर धरायचं होतं.

साडेअकराला आबासाहेब आले. संस्थेचे अध्यक्ष. पांढरं धोतर, पांढरी टोपी. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. पण ते ओरडणारे नव्हते. त्यांनी चहा मागवला, माझ्यापुढंही कप ठेवायला लावला.

"बाई, म्या काय पोरींच्या विरोधात न्हाय," ते म्हणाले. "ही शाळा काढली तवा सातवीनंतर एक पोरगी शिकत नव्हती या गावात. घरोघर फिरलोय म्या. आईबाप काय म्हणायचं? पोरगी वयात आली, कुणी बघंल. मग म्या शबूद दिला, माझ्या शाळंत पोरगी अंगभर कापडात येईल आन् तशीच घरी जाईल. तवा कुठं पोरी आल्या. आज एकशेचाळीस हायत. आता ह्यो फोटू बघून उद्या दहा जणांनी पोरी घरी बसिवल्या, तर त्याचं पाप कुणाला?"

याला काय उत्तर द्यायचं ते मला त्या वेळी सुचलं नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. त्यानं खरंच घरं पालथी घातली होती. आता सुचतं. बघणाऱ्याला जाब विचारायचा सोडून दर वेळी जिच्याकडं बघितलं जातं तिलाच का बांधून घालता, असं विचारायला हवं होतं. पण आता सुचून काय उपयोग? तेव्हा मी चहाच्या कपाकडं बघत होते.

"मला फकस्त एवढं सांगा," आबासाहेब म्हणाले. "ह्ये तुमच्या परवानगीनं झालं का?"

खोत सर दाराशी उभे होते. जगदाळे सर पेपरवेट फिरवत होते. घरी आई होती, दोन वर्षांमागं वडील गेलेले, भाऊ बारावीला. हे सगळं त्या खोलीत कुणी बोललं नाही, पण मला ते सगळं ऐकू येत होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी पंचांकडं नावांचा कागद द्यायला गेले होते. परत आले तेव्हा शर्यत सुरू झाली होती."

इतकं नीट, इतकं सलग खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. कागदसुद्धा घातला त्यात. खोत सरांनी माझ्याकडं बघितलं आणि मग भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं बघितलं.

रेश्माला बोलावलं. ती ओढणीच्या दोन्ही पिना नीट लावून, वेण्या वर बांधून आली आणि दाराच्या आत एक पाऊल टाकून उभी राहिली. मला बघून तिचा चेहरा सैल पडला. बाई आहेत, आता काही काळजी नाही, असं ते सैल पडणं होतं.

"रेश्मा," जगदाळे सर म्हणाले, "लोंढे बाई म्हणतायत की त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मग तुला हे कपडे घालायला कुणी सांगितलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तोंड उघडायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. मी पदर सारखा केला.

"कुणी न्हाय," ती म्हणाली. "माझं मीच."

"आणि पॅन्ट? ती कुठून आली?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं बोलताना मी फक्त माझ्यापुरतं बोलले होते. पुढची पायरी मांडलीच नव्हती. ती आता त्या पोरीला मांडावी लागली.

"नवनाथच्या पिशवीतनं घेतली."

"त्याला विचारून?"

ती पुन्हा थांबली. विचारून म्हटलं तर नवनाथला बोलावणार आणि तो सांगणार बाईंनी मागितली. चौदा वर्षांच्या मुलीनं हा सगळा हिशेब तिथं उभ्या उभ्या केला.

"न विचारता."

"म्हंजी चोरून," आबासाहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "बघा बाई. कापडापासनं सुरू हुतं आन् कुठं जातंय बघा."

निर्णयाला पाच मिनिटं लागली. जिल्ह्याच्या यादीतून तिचं नाव काढायचं. नियमभंग आणि चोरी म्हणून माफीचं पत्र लिहून घ्यायचं. पालकांना बोलवायचं. पत्राचा मजकूर मला तिच्याकडून लिहून घ्यायला सांगितला, कारण मी तिची वर्गशिक्षिका होते.

पत्र आम्ही प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात लिहिलं. ती लिहीत होती, मी शेजारी बसले होते.

"रेश्मा," मी म्हणाले, "माझं ऐक. मला..."

"बाई, 'परवानगीशिवाय'मधला 'शि' पहिला का दुसरा?"

"पहिला."

तिनं लिहिलं. खाली सही केली. कागद मला दिला आणि म्हणाली, "जाऊ का?" त्या वर्षभरात तिनं मला एवढंच विचारलं. वर्गात प्रश्न केला तर उत्तर द्यायची, बरोबर द्यायची. रागानं कधी बघितलं नाही. रागानं बघितलं असतं तर मला थोडं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी खोत सरांना गाठलं. म्हटलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही का बोलला नाही?"

"तुम्ही बोलला नाही, मी कशाला बोलू?" ते म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "जिल्ह्याला पळायला तीच पाहिजे होती." आणि मैदानावर निघून गेले. नवनाथलाही सगळं माहीत होतं. तो मला बघितलं की रस्ता बदलायचा. जिल्ह्याला तो नववा आला. सात नंबरच्या सेटमध्येच पळाला.

माझा प्रस्ताव गेला. आबासाहेबांनी सही करताना जगदाळे सरांना सांगितलं म्हणे, बाई सरळ आहे. आज मी त्याच शाळेत पर्यवेक्षिका आहे. आता शिक्षिकांना ड्रेस चालतो आणि खेळणाऱ्या मुलींना ट्रॅक पॅन्ट मिळते. मुलांच्या हाफ पॅन्ट अजून मुलांच्याच. दर सभेत मी याबद्दल बोलते, तावातावानं बोलते, आणि नवीन शिक्षक एकमेकांकडं बघतात. बाई फारच धीट आहेत असं त्यांना वाटतं.

पण सांगायचं होतं ते रेश्माच्या वडिलांबद्दल.

बिरू सरगर. गावात त्यांची पिठाची गिरण होती. पालक म्हणून बोलावलं तेव्हा ते गिरण बंद करून तसेच आले. भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळीवर पीठ. जगदाळे सरांच्या खोलीत काय झालं मला माहीत नाही, माझा तास होता. तास संपवून मी बाहेर आले तेव्हा ते माझीच वाट बघत व्हरांड्यात उभे होते. शेजारी रेश्मा. तिच्या डाव्या गालावर चार बोटं उठली होती.

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले.

"बाई, माफी करा. पोरगी तुमच्या भरवशावर धाडली आन् तिनं तुमालाच खाली बघाय लावलं."

"नाही हो, तसं काही..."

"न्हाय, मला सरांनी सांगितलं. तुमची नोकरी अडचणीत आली हुती म्हणं हिच्यापायी. घरात चार बुकं शिकलेली कुणी न्हाय वो आमच्यात. तुमच्याकडं बघून शिकंल वाटलं हुतं." ते रेश्माकडं वळले. "पाया पड बाईंच्या."

रेश्मा वाकली. तिची बोटं माझ्या पायांना लागली. थंड होती. मी मागं सरकले नाही. सवयीनं माझा हात तिच्या डोक्यावर गेला.

"बाई, तुमी निश्चिंत ऱ्हावा," बिरू सरगर म्हणाले. "ती पुन्यांदा पळायची न्हाय. म्या शपथ घातलीया तिला."

आणि मी म्हणाले, "बरं केलंत."